सोडणाऱ्याचा हात

"आरशात एवढं काय बघताय, अण्णा? कुणाच्या लग्नाला निघालाय?"

अण्णा विमानाच्या डाव्या पंखाखाली स्टुलावर उभे होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा छोटा आरसा. पंखाच्या पोटाला तपासणीसाठी बशीएवढी गोल झाकणं असतात. त्यातलं एक उघडून, आरसा आत घालून ते जुनी वायर न्याहाळत होते. एरवी माझ्या एका टोमण्याला त्यांच्याकडून दोन परत यायचे. त्या दिवशी नुसतं "हं" आलं.

मला गंमत वाटली, कारण आरसा हे अण्णांचं हत्यार कधीच नव्हतं. आरसा शिकाऊ लोकांसाठी. अण्णा झाकण काढायचे, कोपरापर्यंत हात पंखात घालायचे आणि हँगरच्या आढ्यातल्या चिमण्यांकडे बघत राहायचे. नव्या माणसाला वाटावं, हे कंटाळून उभे आहेत. तेवढ्यात आत बोटांनी नट बसवलेला असायचा.

अण्णा म्हणजे माझे वडील, बळवंत तांबट. आमच्या गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबचे इंजिनियर. फ्लाइंग क्लब म्हटल्यावर फार काही डोळ्यांपुढे आणू नका. शाळवाच्या रानात एक धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, विमान उतरायच्या आधी पट्टीवरची मेंढरं हाकलायला एक सायकल, आणि विमान एकच. चार माणसांचं, डोक्यावर पंख असलेलं. माझ्या लहानपणापासून पोरं त्याच्यावर उडायला शिकत होती.

त्या हिवाळ्यात अण्णांनीच त्याला जमिनीवर बसवलं. पंखांच्या टोकांना दिवे असतात, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. त्यांची वायर पंखाच्या पोटातून जाते, आणि ती वायर विमानाच्याच वयाची होती. वरचं कव्हर खारी बिस्किटासारखं सुटायला लागलं होतं. त्याच पंखात पेट्रोलची टाकी असते, एवढं सांगितलं म्हणजे पुढचं सांगायला नको. दोन्ही पंखांतून नवी वायर ओढायची असं ठरलं.

ठरवताना अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "काम दोघं करू. सही शैलाची."

सही म्हणजे विमान उडायला योग्य आहे असं लिहून देणं. आजवर ती अण्णांचीच असायची. मी लायसन्सची परीक्षा त्याच वर्षी उन्हाळ्यात पास झाले होते आणि माझी शाई अजून कुठल्याच विमानाला लागली नव्हती. त्यात आमच्याकडे एक रीत होती, कुठल्याही नियमात नसलेली, अण्णांनीच पाडलेली. ज्याची सही, तो दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला विमानात बसणार. "दुसऱ्याच्या पोराला बसवायच्या आधी आपण बसायचं," असं ते म्हणायचे. त्यामुळे आमच्या क्लबात सही करताना कुणाचाही हात जरा सावकाश चालायचा.

मला आकाश ठेंगणं झालं. बापानं आपल्याला मान दिला, तोही कॅप्टन रेग्यांसमोर, हे मी घरी जाऊन आईला तीनदा सांगितलं. आई म्हणाली, "कळलं गं. आता पानं घे."

कॅप्टन रेगे म्हणजे क्लबचे मुख्य शिक्षक, विमान उडवायला शिकवणारे. माणूस चांगला, पण धीर नावाला नाही. रोज सकाळी हँगरच्या दारात उभे राहून वर बघायचे आणि सुस्कारा टाकायचे.

"काय हवा आहे, तांबट. लोणी आहे लोणी. आणि आपण स्क्रू काढत बसलोय."

"लोणी उद्या पण असतंय, कॅप्टन," अण्णा म्हणायचे.

वायर ओढणं हे परकरात नाडी ओवण्यासारखंच काम आहे. जुन्या वायरच्या शेपटाला नवी वायर बांधायची आणि दुसऱ्या टोकानं जुनी ओढून काढायची. जुनी बाहेर येते, तिच्यामागून नवी आत जाते. नाडी मध्येच निसटली की काय होतं ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे. इथे तर पिनेनं चिमटीत धरून पुढे सरकवायचीही सोय नाही. म्हणून गाठ पक्की हवी आणि माणसं दोन हवीत. एक पंखाच्या टोकाला, ओढणारा. दुसरा केबिनमध्ये, पंखाच्या मुळाशी, सोडणारा.

पंखाच्या आत पत्र्याचे उभे पडदे असतात आणि प्रत्येक पडद्याला वायर जायला भोक. पत्र्याच्या धारेनं वायर सोलू नये म्हणून भोकाला रबरी कडी बसवलेली असते. ओढणाऱ्याच्या हाताला फक्त जड की हलकं एवढं समजतं. वायर रबरावरून सरकतेय की पत्र्याला घासतेय, हे सोडणाऱ्याच्या बोटांत येतं. त्यामुळे ओढणाऱ्यानं आपलं डोकं चालवायचं नाही. सोडणारा 'ओढ' म्हणाला की ओढायचं, 'थांब' म्हणाला की थांबायचं. सोडणारा नेहमी मोठा माणूस. आमच्याकडे नेहमी अण्णा.

पण डाव्या पंखाच्या वेळी अण्णा म्हणाले, "तू सोड. मी टोकाला जातो."

मी खूश होऊन आत चढले. सीटच्या मागे मान वाकडी करून, एका गुडघ्यावर बसून, वायर बोटांतून सोडत राहिले. मी "ओढा" म्हणायचे, बाहेरून वायर सरकायची. मध्ये एकदा बोटांना बारीक खरखर लागली तेव्हा "थांबा" म्हटलं, थोडी मागे घेतली, पुन्हा सोडली. दुपारपर्यंत लाल दिवा लागला.

काम झालं की अण्णांचा एक नेम होता. दिवे चालू ठेवायचे आणि पंख जिथे केबिनला मिळतो तिथल्या, केबिनच्या आतल्या झाकणावर तळहात दाबून थांबायचं. आत कुठे वायर चुकली असेल तर तिथे आधी ऊब येते, असं त्यांचं म्हणणं. रेगे त्याला अण्णांचा आशीर्वाद म्हणायचे. त्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "लाव हात. काय लागतंय?"

"गार आहे."

"मग झालं."

तेही मला मान दिल्यासारखंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजवा पंख. रात्रीत माझी मान धरली होती. आईनं तेल चोळून दिलं तरी डावीकडे वळत नव्हती.

"आज तुम्ही सोडा, अण्णा. मला टोकाला जाऊ द्या."

"तूच सोड की. काल चांगली सोडलीस."

"मान वळत नाहीये हो. आत बसले तर मला तशीच वाकडी घरी न्यावी लागेल."

अण्णा जरा वेळ तिथेच उभे राहिले. मग उजवा हात पँटला पुसला, तो पुसलेला हात एकदा बघितला आणि आत चढले.

काम सुरू झालं. "ओढ." ओढलं. "ओढ." ओढलं. अर्ध्यावर आल्यावर माझ्या हाताला वायर जड लागली.

"अण्णा, अडकलंय का?"

आतून लगेच उत्तर आलं नाही. मग आलं, "नाही. ओढ."

"जड लागतंय बरं का. बघा जरा."

"ओढ म्हणतोय ना."

अण्णा ओढ म्हणाले म्हणजे अडकलेलं नाही, हे मी चालायला शिकले तेव्हापासून शिकले होते. ओढलं. एक छोटा हिसका बसला आणि वायर पुन्हा सुरळीत यायला लागली. शेवटचं शेपूट बाहेर आलं, जोडण्या झाल्या, मीटर लावून तपासलं, सगळं बरोबर. हिरवा दिवा लागला. अण्णांनी मुळाच्या झाकणावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "गार आहे."

रेगे दारातून आत आले. त्यांच्यामागे सहा आठवडे नुसत्या गप्पा मारून कंटाळलेली पोरं होती. "चला शैलाबाई," ते म्हणाले, "करा सही. जेवायच्या आत एक फेरी मारून येऊ. हवा लोणी आहे."

झाकणं सगळी बसवून झाली होती. लाकडी खोक्याच्या टेबलावर मी पुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात चहा आला. आमच्याकडे चहा स्टीलच्या पेल्यांतून यायचा, आणि तो पहिली पाच मिनिटं नुसता धरायचा म्हटलं तरी कसरत. मी माझा रुमालात धरला. रेगे काठाला दोन बोटांनी पकडून या हातातून त्या हातात करत होते. अण्णांनी पेला मुठीत धरला होता. पाण्याचा तांब्या धरावा तसा, पूर्ण मुठीत, आणि रेग्यांचं बोलणं ऐकत उभे होते. चेहऱ्यावर काही नाही.

मी त्या मुठीकडे बघत राहिले. दिवाळीपासून अण्णा बटणांचे शर्ट सोडून गळ्यातून घालायचे टी-शर्ट वापरायला लागले होते. आई म्हणाली होती, म्हातारपणी हौस आलीय. मग तो आरसा. मग "तूच सोड की". आणि मग पंखातून आलेलं ते उशिराचं "नाही".

मी टोपण परत लावलं.

"सर, मला जरा वेळ द्या."

"आता काय राहिलं?" रेगे म्हणाले.

मी बॅटरी घेतली, आरसा घेतला, स्टूल उजव्या पंखाखाली ओढलं आणि जिथे वायर जड झाली होती त्या अंदाजानं झाकण उघडलं. पहिल्या ठिकाणी काही नव्हतं. पुढच्या झाकणातून दिसलं. पडद्याच्या भोकातली रबरी कडी निसटून बाजूला लोंबत होती. वायर उघड्या पत्र्यावर टेकली होती आणि तिचं नवं पांढरं कव्हर बोटभर सोललं गेलं होतं. आतली तार चकाकत होती.

आज नाही, उद्या नाही. पण थरथरत्या पंखात ती तार त्या पत्र्याला रोज थोडी थोडी घासत राहिली असती, आणि टाकी तिथून हातभर लांब होती.

मी खाली उतरले. अण्णांकडे बघायची हिंमत झाली नाही. रेग्यांना म्हणाले, "माझी चूक झाली, सर. अण्णा थांब म्हणाले होते, मला ऐकू आलं नाही. मी हिसका दिला. वायर सोललीय. पुन्हा ओढावी लागेल."

रेग्यांनी तोंडावरून हात फिरवला. "शैला, अगं पहिलंच काम, आणि एवढी साधी गोष्ट..."

"ती खोटं बोलतेय, कॅप्टन."

अण्णांनी पेला टेबलावर ठेवला होता. आवाज नेहमीसारखाच, हत्यारं मागताना असायचा तसा.

"मी थांब म्हणालो नव्हतो. तिनं विचारलं, अडकलंय का. दोनदा विचारलं. मी म्हणालो, ओढ." त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. उजव्या हाताची बोटं पेल्यानं लालभडक झाली होती. "ह्यांना काय कळत नाही आता. दिवाळीच्या आधीपासून. साखरेनं गेलीत बोटं. डॉक्टर म्हणतात, परत यायची नाहीत."

पोरांनी माना खाली घातल्या. रेगे त्या बोटांकडे बघत होते. उतावळा माणूस, पण त्या वेळी त्यांना घाई करता आली नाही. मग म्हणाले, "मी ह्यांना घेऊन जातो. आज उडायचं नाही." आणि पोरांना घेऊन बाहेर गेले.

हँगरमध्ये आम्ही दोघंच उरलो.

"मला कशाला झाकत होतीस?" अण्णा म्हणाले. "माणसाबद्दल बोलताना सांभाळून घ्यायचं असलं तर घे. विमानाबद्दल सांगताना नाही. कॅप्टननं तुझं खरं धरलं असतं आणि पुढच्या खेपेला मला परत आत बसवलं असतं."

मला राग आला. असा राग मला अण्णांचा आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

"आणि मी सही केली असती तर? टोपण काढलं होतं मी. पहिल्या फेरीला मी बसणार होते आत."

"मी पण बसणार होतो."

"त्यानं काय झालं असतं, अण्णा? दोघं गेलो असतो एवढंच ना?"

अण्णा पंखाच्या उघड्या भोकाकडे बघत होते.

"म्हणून माझी सही? तुमचा तुमच्या हातावर भरवसा नव्हता म्हणून?"

"होय," ते म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही..." रडू आलं. एवढी मोठी घोडी, लायसन्सवाली, पंखाखाली उभी राहून लहान पोरीसारखी रडले.

"तेही होतंच," अण्णा म्हणाले. "आधी तेच होतं. नुसतं हाताचं असतं तर काम बंद केलं असतं मी. तुझी सही बघायची होती." त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले. "रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. तू टोमणे मारत यायचीस. मला वाटायचं, हिला माहीत नाही तोवर मी आहे तसाच आहे. एवढ्यासाठी राहिलं बघ."

मी डोळे पुसले. त्यांची लाल बोटं बघितली. शेवटी म्हणाले, "बोटांना काहीतरी लावा. फोड येतील."

"दुखत नाहीत."

"म्हणूनच लावा."

हँगरमधल्या पेटीतलं मलम मी त्यांच्या बोटांना लावलं. आपल्या बोटांना कुणी हात लावतंय, हे त्यांना बघूनच समजत होतं. ते बघत होते.

मग मी आरशात बघत रबरी कडी पुन्हा बसवली, अण्णांनी बॅटरी धरली. सोललेल्या वायरच्या शेपटाला दुसरी नवी वायर बांधली. गाठ मी बांधली, अण्णांनी ती डोळ्यांजवळ नेऊन तपासली.

"जा, चढ आत," ते म्हणाले.

"माझी मान?"

"तुझी मान राहू दे वाकडी. सरळ होती तेव्हा तरी कुठं ऐकत होतीस."

मला हसू आलं. मी आत चढले. अण्णा टोकाला गेले.

"ओढा," मी म्हणाले. वायर सरकली.

"ओढा." सरकली.

त्या पडद्यापाशी बोटांना खरखर लागण्याआधीच, नुसत्या शंकेनं, मी म्हणाले, "थांबा." वायर त्या क्षणी थांबली. "मागे सोडा. थोडी. आता हळू." वायर मागे आली, मग हळू पुढे गेली, रबरावरून मऊ गेली. त्या डॉक्टरांचं अण्णांनी एक अक्षर ऐकलं नव्हतं, आईचं कधी ऐकलं नव्हतं. माझा एकही शब्द त्यांनी त्या दिवशी वाया जाऊ दिला नाही. पंखाच्या त्या टोकाला ते मला दिसत नव्हते. पण मी 'ओढा' म्हणण्याआधी वायर कधी हलली नाही आणि म्हटल्यावर कधी अडून राहिली नाही. तेवढ्या वेळात मला कळून चुकलं की अण्णा आता कायमचे त्या टोकाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सही केली. शाई पसरली, पण नाव वाचता येत होतं. कॅप्टन रेग्यांनी वर आकाशाकडे बघितलं आणि या खेपेला लोण्याबद्दल काही बोलले नाहीत. ते डावीकडे बसले, मी त्यांच्याशेजारी. पट्टा लावते तोवर मागचं दार उघडलं आणि अण्णा आत चढून मागच्या सीटवर बसले.

"सही माझी आहे, अण्णा," मी म्हणाले.

"वायर मी ओढलीय," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

रेग्यांनी इंजिन सुरू केलं. विमान हलायला लागलं, खडीवरून डुगडुगत धावपट्टीकडे निघालं. "दिवे," रेगे म्हणाले. मी एकेक बटण दाबलं. उन्हात लांबून कुणाला दिसणार नव्हते, पण लाल आणि हिरवा दोन्ही लागले होते, पट्टीच्या कडेनं मेंढरं हाकलणाऱ्या सायकलवाल्या पोरानं हात वर करून तशी खूण केली.

मागून अण्णांचा हात आला. त्यांनी माझं मनगट धरलं, जरा जास्तच घट्ट, कारण किती घट्ट धरलंय ते त्यांना समजत नव्हतं. माझा हात वर उचलला आणि उजवा पंख जिथे केबिनला मिळतो तिथल्या झाकणावर माझा तळहात दाबून धरला. स्वतःचा धरायचे तसाच.

"काय लागतंय?" इंजिनाच्या आवाजात त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं.

"गार आहे."

"नीट बघ. घाई करू नको."

"गार आहे, अण्णा."

त्यांनी हात सोडला नाही. विमान पट्टीच्या टोकाला जाऊन वळलं, रेग्यांनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि थांबून राहिले. माझा हात झाकणावर आणि अण्णांचा माझ्या हातावर होता. मग मागून अण्णांचा आवाज आला, वायर सोडताना यायचा तसा, "ओढा, कॅप्टन."